विनंती थांबा

उज्वलाबाईंचा आवाज एसटीत तयार झालेला होता. नाशिक-सुरगाणा गाडीवर कंडक्टरकी करून बाई निवृत्त झाल्या, खाकी कपडे घडी घालून पेटीत गेले, पण आवाज काही पेटीत मावला नाही. इंदिरानगरच्या भाजीबाजारात त्या नुसतं ‘मेथी कशी दिली’ म्हणाल्या तरी शेजारची माणसं आपोआप पुढे सरकायची. अशा बाईने आता गुडघे सांभाळावेत, देवदर्शनाला जावं, नातवंडं खेळवावीत, असं सगळ्या नातेवाइकांचं म्हणणं होतं. बाईंनी संस्था काढली.

संस्था कसली, तर ज्यांच्या सोबत कोणी नाही अशा तरण्या पोरापोरींची. लहान मुलांची नव्हे हं. लहान मुलांसाठी सरकार आहे, बालगृहं आहेत, वाढदिवसाला केक घेऊन जाणारी हौशी माणसं आहेत. अठरा पूर्ण झाली की बालगृहाचं दार बंद होतं आणि मिसरूड फुटलेल्या पोराची कोणाला दयाही येत नाही. असा पोरगा स्टँडवर झोपलेला दिसला की माणसं आधी स्वतःचं पाकीट चाचपतात. उज्वलाबाईंनी अशी पोरं वर्षानुवर्षं गाडीच्या मागच्या सीटवर पाहिली होती. शेवटच्या स्टॉपपर्यंत यायची आणि तिथे उतरून कुठे जायचं हे त्यांना ठाऊक नसायचं.

सोमा त्यातलाच एक. सुरगाण्याच्या डोंगरातून आईबरोबर दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला आला होता. हंगाम संपला, टोळी उठली, आई दुसऱ्या एका माणसाबरोबर दुसऱ्याच टोळीत निघून गेली आणि सोमा मागे राहिला. पहिल्यांदा भेटला तेव्हा बाईंनी विचारलं, “तिकीट?”

“नाय.”

“कुठं जायचंय?”

“माहीत नाय.”

नियमाने त्याला खाली उतरवायला हवं होतं. बाईंनी स्वतःच्या पैशांनी त्याचं तिकीट फाडलं, डब्यातली भाकरी त्याच्या हातावर ठेवली आणि पार वणीपर्यंत त्याची खरडपट्टी काढली. पोरगा भाकरी खात निमूट ऐकत होता. पुढे तो त्यांच्याच गाडीची वाट बघायला लागला, आणि खरं सांगायचं तर त्याही मागच्या सीटकडे आधी बघायला लागल्या.

म्हणून निवृत्तीनंतर धर्मादाय कार्यालयात हेलपाटे घालून बाईंनी नोंदणी करून घेतली आणि नाव ठेवलं ‘विनंती थांबा’. एसटीत असा थांबा असतो. तिथे स्टँड नसतं, शेड नसते, पण कोणी हात दाखवला तर गाडी थांबते. बाईंना या नावाचा फार अभिमान. ते सांगताना त्यांची मान अशी ताठ व्हायची की समोरच्याने हसू आलं तरी गिळावं.

घर मिळालं सावित्रीबाईंचं. पलीकडच्या गल्लीतल्या या म्हाताऱ्या काकू त्यांच्या दुमजली घरात वर एकट्या राहायच्या. यजमान कोंडाजीराव सिन्नरच्या कारखान्यात होते. त्यांनी खालचा मजला मुलाबाळांसाठी बांधला, आणि मूलबाळ झालंच नाही. भाडेकरू ठेवायला ते कधी तयार झाले नाहीत. ते गेल्यावरही मजला तसाच बंद होता. काकूंनी एक दिवस किल्ली आणून उज्वलाबाईंच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “भर बाई एकदाचं.”

आत आले ते सोमा आणि त्याच्यासारखेच मागच्या सीटवर भेटलेले राजू आणि बारकू. ललिता नावाची मुलगी बालगृहातून अठरा पूर्ण झाल्यावर एक पिशवी घेऊन बाहेर पडली होती, तिला काकूंनी वर आपल्या खोलीत ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी सगळी पोरं दारातच उभी. सोमाने विचारलं, “मावशी, दार बाहेरून लावणार का आतून?”

“आतून. हे काय तुरुंग आहे?” बाई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे पोरांनी चपला काढल्या.

किल्ली मात्र बाईंच्या कंडक्टरच्या जुन्या कातडी बॅगेत राहिली. दिवसा सगळे कामाला गेले की त्या कुलूप लावायच्या, संध्याकाळी येऊन उघडायच्या. एखाद्याचं काम लवकर सुटलं तर तो पायरीवर बसून राहायचा. बाईंना यात काही वावगं वाटलं नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

आता घर चालवायचं तर लोकांना सांगावं लागतं, आणि सांगायला गेलं की लोक ऐकत नाहीत. ‘अठरा वर्षांवरची बेघर मुलं’ म्हटलं की माणसं घड्याळ बघत. एकदा बाईंच्या तोंडून सहज ‘अनाथ’ असा शब्द गेला आणि समोरच्या बाईचे डोळे भरून आले. बाई हुशार. त्यांनी तो शब्द धरला. दारावरच्या पाटीवरही रंगवून घेतला. सोमाने पाटीकडे बघितलं होतं, पण तो काही बोलला नव्हता, आणि तो बोलला नाही म्हणजे त्याला चालतंय असं बाईंनी धरून टाकलं.

मग आला पितृपक्ष. बघता बघता विनंती थांब्यावर झुंबड उडाली. आजवर ज्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं ती माणसं फोन करून तिथी ठरवायला लागली. कोणाच्या सासऱ्यांचं, कोणाच्या आत्याचं, कोणाच्या थोरल्या भावाचं जेवण अनाथांच्या मुखी पडावं म्हणून डबे येऊ लागले. रोज खीर, रोज वडे, रोज भोपळ्याची भाजी. देणारे स्वतः वाढायचे, फोटो काढायचे, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवून जायचे. बाई खूश. आपली संस्था अख्ख्या इंदिरानगरला माहीत झाली म्हणून त्या लेकीला रोज फोन करून सांगत होत्या.

त्या पंधरवड्यात बाई दुपारीही दार उघडून बसायच्या. बारकू जेवायला कामावरून आला की दारातूनच विचारायचा, “मावशी, आज कोण मेलंय?”

सगळे हसायचे, बाईही हसायच्या. सोमा हसत नव्हता. तो ताटातली खीर बाजूला सारून नुसता भात खायचा. हे बाईंनी पाहिलं होतं. त्यांना वाटलं, पोराला गोड आवडत नसेल.

कोंडाजीरावांची तिथी आली तेव्हा काकूंनी साहजिकच श्राद्ध याच घरी घातलं. करणारा त्यांचा पुतण्या शेखर, सिन्नरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेला. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. सर्वपित्रीला पोरांना आणि गल्लीला जेवण घालायचंही त्याने आधीच कबूल केलं होतं. गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं आणि सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहिले. इंदिरानगरात हल्ली कबुतरं भरमसाट आणि कावळे औषधाला नाहीत. कबुतरं यायची, पानाकडे बघून गुटुर्र करायची, शेखर त्यांना हाकलायचा. बारकूने दोनदा तोंडाने काव काव करून पाहिलं. ऊन चढलं. काकू सकाळपासून उपाशी होत्या, कावळा शिवल्याशिवाय त्या पाणीसुद्धा घेणार नव्हत्या.

शेखरला दुकान दिसत होतं. तो म्हणाला, “काकू, किती वेळ थांबायचं? या पोरांतल्याच एकाला पहिला घास खाऊ दे की. अनाथाच्या मुखी पडलं म्हणजे काकांना पोचलंच.”

काकूंचा चेहरा उन्हाने उतरलेला दिसत होता. उज्वलाबाईंना त्यांची कणव आली, आणि शेखरसारख्या माणसाला दुखवायचंही नव्हतं. त्यांनी हाक मारली, “सोमा, ये इकडे. उचल ते पान आणि घे घास.”

सोमा जागचा हलला नाही.

“सोमा, तुला सांगतेय.”

“मी कावळा नाय, मावशी.” सोमा शांतपणे म्हणाला. “रोज कोणाचं तरी मेलेल्याचं जेवतोय. आणि तुम्ही रोज लोकांना सांगता, यांचं कोणी नाय. माझी आई जिती हाय. मला शोधत नाय, ती गोष्ट येगळी. पण जिती हाय. तिला तुम्ही पाटीवर मारून टाकली.”

शेखरने बाईंकडे बघितलं, त्या नजरेत ‘हीच का तुमची शिस्त’ असा प्रश्न होता, आणि बाईंचा तोल गेला. “दोन वेळचं ताट मिळतंय, डोक्यावर छप्पर आहे, आणि वर तोंड करून बोलतोस? कोणामुळे उभा आहेस इथे?”

अख्ख्या नोकरीत त्यांनी फुकट्या प्रवाशालासुद्धा असं ऐकवलं नव्हतं. पण सुटलेला शब्द परत कुठला येतोय. सोमा जिना उतरला. त्याच्यामागे राजू, त्याच्यामागे बारकू. खालून पिशव्या उचलल्याचा आवाज आला, मग फाटकाचा.

“म्हणून मी सांगत होतो, असल्यांना घरात घेऊ नका,” असं म्हणून शेखरही गेला.

बाई रात्रभर तळमळल्या. आता काकू घर काढून घेणार याची त्यांना खात्री होती. नवऱ्याच्या श्राद्धात असा तमाशा कोणती बाई सहन करेल? सकाळी त्या खालच्या मजल्यावर गेल्या तर काकू जिना उतरून, कमरेवर हात ठेवून आधीच उभ्या.

“काकू, पोरांचं चुकलं, पण...”

“पोरांचं काय चुकलं?” काकूंनी विचारलं. “कावळा शिवला, गं.”

“कधी?”

“सोमा म्हणाला, माझी आई जिती हाय, आणि कावळा आला. वडा उचलून गेला. तुमची सगळ्यांची तोंडं सोमाकडे होती. माझं लक्ष पानावर होतं.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

“तुझ्या आवाजात मला बोलायला जागा कुठे होती?” काकू म्हणाल्या. त्यांनी बाईंच्या बॅगेकडे बोट केलं. “सर्वपित्रीपर्यंत बघते, उज्वला. तोवर पोरं परत आली तर हे घर तुमचं. नाही आली तर मला माझी किल्ली दे. रिकामं घर सांभाळायला मला संस्था लागत नाही, ते मी इतकी वर्षं एकटीने सांभाळलं.”

बाईंचं सगळं आयुष्य त्या किल्लीला अडकून बसलं होतं, आणि ती जाणार होती ती त्यांच्याच जिभेमुळे. बाईंनी त्या दिवशी मेळा स्टँड, ठक्कर बाजार, नाशिकरोड असं एकेक स्टँड पालथं घातलं. पोरं कुठेच नाहीत. फोन बंद. शेवटी ललिताला विचारलं. ती एका औषधाच्या दुकानात कामाला होती आणि कालपासून बाईंशी बोलत नव्हती.

“लासलगावला आहेत,” ती केस विंचरत म्हणाली. “कांद्याच्या शेडमध्ये. सोमाच्या ओळखीचा हमाल आहे तिथे.”

“मग काल का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं नाहीत. ओरडत होतात.” ललिताने फणी ठेवली. “मावशी, मी तर खरीच अनाथ आहे. मला आई आठवतसुद्धा नाही. पण तुम्ही लोकांना तसं सांगता ना, तेव्हा मलाही आवडत नाही. मी औषधाच्या दुकानात काम करते, असं सांगा की.”

दुसऱ्या दिवशी बाई लासलगावच्या गाडीत बसल्या. कंडक्टर पोरगी नवी होती, तिने ‘मावशी, पुढे सरका’ म्हटलं आणि बाई मुकाट्याने पुढे सरकल्या. निफाडपर्यंत त्यांनी काय बोलायचं ते मनात जुळवलं. आधी थोडं रागवायचं, मग समजूत घालायची, मग डबा काढायचा. डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी होती. खीर नव्हती.

मार्केट यार्डात ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या, लिलाव चालू, हवेत कांद्याचा वास आणि पायाखाली फोलपटं. एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये पोरं कांदा निवडत बसली होती. सोमाने वर पाहिलं आणि परत खाली बघून कांदे निवडू लागला. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि जुळवलेलं सगळं विसरल्या. त्यांच्या तोंडून कसंबसं काहीतरी बाहेर पडलं.

“मोठ्यानं बोला, मावशी,” सोमा म्हणाला. “ट्रॅक्टरचा आवाज हाय.”

हे वाक्य उज्वलाबाईंना जन्मात कोणी ऐकवलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला, छाती भरून श्वास घेतला आणि सुरगाणा गाडीच्या आवाजात म्हणाल्या, “माझं चुकलं.” नेमका तेव्हाच शेजारचा ट्रॅक्टर बंद झाला. लिलाव पुकारणारा थांबला. शेतकरी, हमाल, व्यापारी सगळ्यांनी वळून बघितलं. पण आता बाई मागे कुठे जाणार? त्या पुढे बोलल्या, आवाज तसाच ठेवून, “मी तुझ्या आईला मारली, माझं चुकलं. तुला बोलले ते तर फारच चुकलं. इथे कोणाला ऐकू आलं नसेल तर परत सांगते.”

“आलं, आलं,” पलीकडून एक म्हातारा शेतकरी म्हणाला, आणि शेडमधले सगळे हसले. बारकू तर कांद्याच्या ढिगावर लोळलाच. सोमाला हसू आवरेना, म्हणून त्याने तोंड फिरवलं.

मग ते चौघे पोत्यांवर बसले आणि भाकरी खाल्ली. शेवटी सोमाने विचारलं, “मावशी, ते घर तुमचं का आमचं?”

“तुमचं.”

“मग घरी येतो तो पाहुणा. पाहुण्याला आपण वाढतो. पाहुणा आपल्याला वाढत नाय.”

बाईंनी घास तसाच हातात धरला. इतकी साधी गोष्ट. स्वतःच्या घरी पाहुण्याच्या हातात पळी देऊन ‘तुम्हीच वाढा’ असं त्या कधी म्हणाल्या असत्या का? मेल्या असत्या लाजेने. आणि इथे रोज त्या चार धडधाकट पोरांना पाटावर बसवून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातून घास घ्यायला लावत होत्या, वर त्याचं कौतुक करत होत्या.

“सर्वपित्रीला शेखरभाऊंनी ठरवलेलं जेवण कायम आहे,” त्या म्हणाल्या. “गल्लीतले सगळे येणार आहेत.”

“येऊ द्या की. आम्ही करतो सैपाक.”

“आणि मावशी,” राजू मध्येच म्हणाला, “संध्याकाळी पायरीवर बसून बूड दुखतं हो.”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग मांडीवरच्या कातडी बॅगेकडे बघितलं, आणि पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

पोरं अमावास्येच्या आदल्या दिवशी आली, येताना डोक्यावर कांद्याचं पोतं घेऊन. काकू वरून बघत होत्या. खाली आल्या नाहीत, फक्त ललिताला म्हणाल्या, “चार कप चहा टाक, साखर घाल बरी.” सोमाने पहिलं काम केलं ते म्हणजे पाटीवरचा तो शब्द रंगाने पुसून टाकला. मग तो वर गेला आणि काकूंना विचारलं, “आजी, आजोबांना काय आवडायचं?”

कोंडाजीराव गेल्यापासून त्यांचं श्राद्ध दरवर्षी झालं होतं, दरवर्षी तीच खीर, तेच वडे. हा प्रश्न काकूंना कोणीच विचारला नव्हता.

“शेवभाजी,” काकू म्हणाल्या. “झणझणीत. कांदा-लसूण घातलेली.”

“श्राद्धाला कांदा चालतो?” ललिताने भीत भीत विचारलं.

“त्यांना चालायचा,” काकू म्हणाल्या.

सर्वपित्रीला घर माणसांनी भरलं. पोरांनी सकाळपासून चूल, म्हणजे गॅसच तो, पेटवलेला. राजूने मसाला वाटला, बारकूने भाकऱ्या थापल्या, त्या गोल काही झाल्या नव्हत्या पण फुगल्या होत्या. ललिता औषधाच्या दुकानातून सुट्टी घेऊन पंगत मांडत होती. गच्चीवर पान ठेवून सोमा लगेच खाली आला, तिथे कोणी थांबलं नाही.

शेखर आला तो पांढरा शर्ट घालून, बरोबर फोटो काढणारा माणूस. आल्या आल्या त्याने बाह्या वर केल्या आणि भांड्यातली पळी उचलली. “ताई, बाजूला व्हा. मी वाढतो, तो फोटो काढेल.”

हा माणूस उखडला तर गल्लीतले दहाजण त्याच्यामागे उठून जातील आणि काकूंसमोर पुन्हा तमाशा होईल, हे उज्वलाबाईंना दिसत होतं. पण त्या म्हणाल्या, “बसा, शेखरभाऊ. आज तुम्ही पाहुणे.”

“बसायला नाही आलो मी. अनाथांना...”

“इथे कोणी तसलं राहत नाही,” बाई म्हणाल्या, आणि आवाज मुद्दाम खाली ठेवला. “हा सोमा, कांद्याच्या शेडमध्ये होता, आता इथे गॅरेजमध्ये लागतोय. ही ललिता, औषधाच्या दुकानात आहे. घर यांचं आहे. हे वाढतील, आपण जेवायचं.”

शेखरचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात सोमाने त्याच्या हातातली पळी अलगद काढून घेतली. “काका, बसा. आजोबांची शेवभाजी हाय. गरम हाय तोवर खाऊन घ्या.”

“शेवभाजी? श्राद्धाला कांदा-लसूण?” शेखर काकूंकडे वळला. “काकू, हे तुम्ही चालवून घेताय?”

सावित्रीबाई पंगतीत आधीच बसल्या होत्या. त्यांनी शेजारचा पाट थोपटला. “फर्स्ट शिफ्ट सुटली की तुझे काका तुला स्कूटरवर पुढे बसवून सिन्नर फाट्याच्या ढाब्यावर न्यायचे. शेवभाजी खायचात दोघं. आणि घरी सांगायचं नाही म्हणून तुला शपथ घालायचे. मला सगळं माहीत होतं, शर्टाला डाग पडलेले असायचे तुझ्या. बस.”

शेखर उभाच राहिला. मग त्याने बाह्या खाली केल्या आणि बसला. सोमाने त्याच्या ताटात भाजी वाढली, बारकूने वाकडी भाकरी ठेवली. पहिल्या घासालाच शेखरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“तिखट झालीये,” तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा ताट पुढे केलं. फोटो काढणारा माणूसही शेवटी भूक लागली म्हणून पंगतीच्या टोकाला बसला, त्यामुळे त्या दिवशीचा फोटो कोणाकडेच नाही.

गल्लीतल्या एका बाईंनी वाढणाऱ्या ललिताला सवयीने विचारलं, “बाळा, तुझं कोणीच नाही का गं?” उज्वलाबाईंचं उत्तर तोंडात तयार होतं, पण त्यांनी ते गिळलं. त्यासाठी किती जोर लागला ते त्यांनाच माहीत.

“मी इथलीच,” ललिता म्हणाली. “तुम्हाला अजून भात वाढू?”

पोरं पंगतीत फिरत होती. आग्रह करत होती, ‘आणखी एक भाकरी’ म्हणत होती, नको म्हणणाऱ्याच्या ताटात वाढत होती, अगदी कोणत्याही मराठी घरात करतात तसं. स्टँडवर ज्यांना बघून माणसं पाकीट चाचपायची, त्यांच्यापुढे तीच माणसं आता ताटं धरत होती. उज्वलाबाई भिंतीला टेकून बघत होत्या आणि त्यांचा ऊर भरून आला होता. एवढा अभिमान त्यांना संस्थेच्या नोंदणीच्या दिवशीही वाटला नव्हता.

पाहुणे गेल्यावर काकूंनी हात पुढे केला. “किल्ली.”

बाई दचकल्या. “काकू, पोरं तर आली.”

“म्हणूनच म्हणते. दे.”

बाईंनी कातडी बॅग उघडली आणि किल्ली काढून दिली. काकूंनी ती घेतली, पदराने पुसली आणि भांडी घासत असलेल्या सोमाच्या ओल्या हातावर ठेवली. “चौघांच्या चार करून घ्या. पायरीवर बसलेली पोरं मला गच्चीतून रोज दिसायची.” सोमा किल्लीकडे बघत बसला. आयुष्यात त्याच्या हातात कधी कुठल्या दाराची किल्ली आली नव्हती. त्याने ती खिशात टाकली, बाहेर काढून पाहिली आणि पुन्हा टाकली.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. उज्वलाबाई नेहमीसारख्या सकाळी आल्या आणि पायरी चढता चढता त्यांचा हात सवयीने बॅगेत गेला. बॅग रिकामी होती. दार आतून लावलेलं. आतून पोरांच्या हसण्याचा आणि कोणीतरी आंघोळीला उशीर करतंय म्हणून चाललेल्या भांडणाचा आवाज येत होता. आपणच काढलेल्या संस्थेच्या दारात आपण बाहेर उभ्या आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना इतकं बरं वाटलं की त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदर सारखा केला आणि बेल दाबली. दोनदा दाबली, गाडी सोडताना कंडक्टर देतो तशी.

“कोण आहे?” आतून सोमाने विचारलं.

उज्वलाबाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “पाहुणे.”